मोकळी

तपासणीच्या झग्याची मागची गाठ सोडता सोडता आईचा हात ओला झाला. तिने हात नाकाशी नेला, मग लेकीकडे पाहिलं. कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर भिंगरी आणून ठेवल्यासारखी बसली होती आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"अगं, आत शू झाली का? सांगायचं नाहीस?"

भिंगरी भिंतीकडेच बघत राहिली. आईने पिशवीतून कोरडा फ्रॉक काढला आणि हात वर करायला सांगितलं. हात वर गेले नाहीत. शेवटी आईनेच एकेक हात उचलून बाहीत घातला. एरवी ही मुलगी फ्रॉकमधून डोकं निघायच्या आत दारापर्यंत पोचलेली असायची. गारठली असेल बिचारी, आईला वाटलं. मेंदूची चित्रं काढायच्या मशीनच्या खोलीत हुडहुडी भरेल असा गारवा होता, आणि अर्ध्या तासाचं सांगून आत नेलेली पोर दुपार कलली तेव्हा बाहेर आली होती.

आईच्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर बसून तिने विचारलं नव्हतं असं नाही. चांगलं दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मशीनवाला दारातून डोकावून हसत म्हणाला होता, "होतच आलंय, ताई. फार गुणी मुलगी आहे हो तुमची."

गुणी! भिंगरीला जन्मात पहिल्यांदा कुणी गुणी म्हटलं होतं. तो शब्द ऐकून आई पाघळली आणि परत बाकावर जाऊन बसली.

भिंगरी हे नाव काकाने ठेवलेलं, आणि ते काही उगाच नव्हतं. शाळेत पाढे म्हणताना ती वर्गाला फेऱ्या मारायची. जेवताना एक घास ताटाशी, तर दुसरा खिडकीशी. आईला वळण लावता आलं नाही, असं नातेवाईक तोंडावर बोलून जायचे. आई तर दिवसभर जगाला गाडी चालवायला शिकवायची! तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने घरीसुद्धा लेक धावत सुटली की आईचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. त्यावरून घरात हशा पिकायचा. बाहेरच्यांचं बोलणं मात्र तिच्या जिव्हारी लागायचं.

मग तपासण्या झाल्या, चंचलतेच्या विकाराचं निदान झालं, आणि त्या निदानाच्या जोरावर शाळेने वर्गात भिंगरीच्या शेजारी बसायला एक मदतनीस ताई दिली. ताई आल्यापासून पोर वाचायला लागली. त्यामुळे संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा आईने आढेवेढे घेतले नाहीत. अशा मुलांच्या मेंदूची चित्रं काढणार होते म्हणे. काढू देत. एकदाचं आत डोकावून बघू देत आणि सांगू देत सगळ्यांना, की यात आईच्या वळणाचा काही दोष नाही.

अट एकच होती, बोगद्यासारख्या त्या मशीनमध्ये अजिबात हलायचं नाही. आईने शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजचा खोका मागून आणला. भिंगरीला त्यात आडवं करायचं, मोबाईलवर मशीनचा ठकठकाट लावायचा आणि पुतळा-पुतळा खेळायचं. आई 'मोकळी' म्हणेल तेव्हाच हलायचं. दुसऱ्या कुणाचं चालणार नाही, हा नियम भिंगरीने स्वतः केला होता, कारण बाबा मधेच 'मोकळी' म्हणून फसवायचे. पहिला खोका लाथा मारून फाटला. दुसऱ्यात मात्र पोर जिद्दीला पेटली.

आता आईने तिला उभं केलं, तर तिची पावलं उचलेनात.

"पाय आखडले का गं?"

एवढी मोठी लेक, पण आईने तिला उचलून घेतलं आणि तशीच तरातरा डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. खुर्चीत बसवून तिचे हात मांडीवर ठेवले आणि स्वतः शेजारच्या खुर्चीत बसली.

डॉक्टरबाईंचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"या, या! अहो, काय चित्रं आली आहेत! केसाइतकीसुद्धा हलली नाही. या गटातल्या मुलांची चित्रं अशी मिळतच नाहीत आम्हाला. बहुतेक मुलं हलतात, मग चित्रं फिसकटतात. ती सगळी टाकून द्यावी लागतात."

"टाकून देता?"

"काय करणार? फिसकटलेल्या चित्रांचा उपयोग नसतो."

"म्हणजे चंचल मुलांचा अभ्यास, आणि घेणार कुणाला, तर जी हलत नाहीत त्यांना?" आईचा आवाज चढला. "मग मीही उद्यापासून गाडी चालवता येणाऱ्यांनाच शिकवायला घेते, आणि सांगत फिरते की माझ्याकडे कुणी नापासच होत नाही!"

डॉक्टरबाई समजूतदारपणे हसल्या. "तुमचं अगदीच चूक नाही. तशी मर्यादा आहे खरी. आम्ही लिहितो ते शेवटी."

"आणि अर्धा तास म्हणाला होतात."

"हो, जरा लांबलं. इतकी छान पडली होती, की म्हटलं पुढच्या चाचण्याही उरकून घेऊ. अजून एकदाच, अजून एकदाच, असं करता करता..."

"मला विचारलंत? कपडे ओले झाले तिचे!"

"अरेरे." डॉक्टरबाई खरंच ओशाळल्या. "पण रबरी फुगा दिला होता हो हातात. नको वाटलं की दाबायचा, आम्ही लगेच थांबतो. तिने दाबलाच नाही."

आई काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"तुम्हाला तर पेढे वाटायला हवेत. इतका वेळ स्थिर राहू शकते, म्हणजे निदानाचाच फेरविचार करावा लागेल. कदाचित तिला हा विकार नसेलही. तसं मी शाळेला कळवते."

"मग तिची ताई?"

"ते शाळा ठरवेल. पण बघा ना, आत्तासुद्धा किती शहाण्यासारखी बसली आहे."

आईने पाहिलं. भिंगरीचे हात मांडीवर होते, आईने ठेवले होते तसेच. पंख्याच्या वाऱ्याने एक बट सारखी डोळ्यात जात होती, डोळ्याला पाणी आलं होतं, आणि पोर ती बट बाजूला करत नव्हती. फक्त डोळे आईकडे वळले होते.

पोर बाहेर आल्यापासून रागाच्या भरात आई सगळं बोलली होती. तो एक शब्द तेवढा राहून गेला होता.

"मोकळी," ती म्हणाली. "मोकळी गं राणी, मोकळी!"

भिंगरीने आधी नुसते ओठ हलवले.

"खरंच? अजून एकदाच नाही ना?"

"नाही. संपलं."

आणि पोर सुटली. खुर्ची मागे कलंडली. ती दारापर्यंत गेली, तिथून खिडकीशी, खिडकीपासून उलटी टेबलाकडे.

"फुगा का नाही दाबलास गं?" आईने विचारलं.

"दाबला असता तर हललेच असते ना!" भिंगरी धावता धावता ओरडली.

पेनांचा डबा खाली आला. टेबलावरचा मेंदूचा प्लास्टिकचा नमुना सुटा होऊन चहूकडे घरंगळला. डॉक्टरबाई एक तुकडा पकडायला वाकल्या.

"अहो, सांभाळा तिला जरा!"

"ती चित्रं पुसून टाका," आई म्हणाली. "कधीही नाही म्हणायची मुभा आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"असं काय करता? अहो, इतकी सुंदर..."

"ती माझ्या मुलीची नाहीत. पुतळ्याची आहेत. तिची हवी असतील तर आत्ता काढा."

भिंगरी कपाटाला वळसा घालून पुन्हा सुसाट निघाली. आई हाताची घडी घालून खुर्चीत बसून राहिली. तिचा उजवा पाय फरशीवर होता, आणि तो दाबला गेला नाही.