हंगामापुरत्या गोळ्या

आई गेली त्याच्या आदल्या दुपारी ती पाटावर बसून गणपतीचे डोळे आखत होती. पेणजवळच्या जोह्यातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी तिचीच. बाबा साच्यातून मूर्ती काढायचे, धनेशदादा रंगाची मशीन चालवायचा, पण डोळ्यांना आईखेरीज कुणाचा कुंचला लागत नसे. मी रोह्याहून माहेरी आले होते आणि शेडच्या दारात पुस्तक घेऊन बसले होते. मूर्तींना पॉलिश पेपर मारता मारता धोंडुबाई आईची चेष्टा करत होती.

"चंद्रावती, या गणपतीचा डावा डोळा शिवादाजींकडं वळलाय गो."

"वळू दे. कुणीतरी लक्ष ठेवायला पायजे ना त्यांच्यावर."

बाबांनी आपलं नाव ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संध्याकाळी आई उठली तेव्हा तिची डावी पोटरी सुजलेली दिसली. पाटावर दिवसभर बसून आलं असेल, असं तीच म्हणाली. धोंडुबाईने मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडायला सांगितलं. जेवताना आईने जवळ्यात मीठ जास्त झालंय म्हणून मला बोल लावला आणि दोनदा वाढून घेतला. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं आणखी काही नाही.

सकाळी तिला धाप लागली, छातीत दुखू लागलं. दादाने गाडी काढली, आम्ही पेणला दवाखान्यात पोचलो. कुठली औषधं चालू आहेत असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बाबांनी बीपीची गोळी सांगितली. ते केसपेपर काढायला गेले तशी आईने माझा हात ओढला. पाळी येऊ नये म्हणून ती कुटुंब नियोजनाच्या गोळ्या घेत होती. एवढं सांगून ती म्हणाली, "बाबांना नको सांगू." मी मान हलवली आणि बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं. पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असावी, असं ते म्हणाले. त्यांनी धावपळ केली. दुपारच्या आत सगळं संपलं.

घरी आलेल्या माणसांनी हार्ट अ‍ॅटॅक म्हटलं. बाबाही तेच म्हणू लागले. मी दुरुस्ती केली नाही.

आमच्या कारखान्यात पाळी आलेल्या बाईने मूर्तीला हात लावायचा नाही, असा आजोबांपासूनचा नियम आहे. पेपर मारणाऱ्या बायकांना त्याचं काही वाटत नाही. चार दिवस त्या घरी राहतात, त्यांच्या जागी दुसरी येते. आईच्या जागी येणारं कुणी नव्हतं. गेली तेव्हा ती सत्तेचाळीसची होती, आणि काही वर्षं तिची पाळी कधीही यायची, कितीही दिवस राहायची. म्हणून आखणी सुरू झाली की ती गोळ्या धरायची. पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या खायच्या, चॉकलेटी टाकून द्यायच्या, दुसऱ्या दिवशी नवं पाकीट. चॉकलेटी गोळ्या लोहाच्या असतात, त्या दिवसांत पाळी येते. विसर्जन झालं की सगळं बंद. पुढच्या वर्षी पुन्हा.

मीही तशाच गोळ्या घेत होते. माझ्या नवऱ्याची, निलेशची, कंपनीतली नोकरी कायम होईपर्यंत आम्हाला मूल नको होतं. रोह्याच्या डॉक्टरबाईंनी आधी माझं बीपी पाहिलं. सिगारेट, विडी ओढतेस का, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं का, घरात कुणाला गुठळी झाली होती का, हे सगळं विचारलं. रोज ठरावीक वेळेला घे म्हणाल्या. एखादी विसरली तर आठवेल तेव्हा घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन चुकल्या तर गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोध वापरायचा. पोटरी सुजली, छातीत दुखलं, दम लागला, कधी नव्हे असं डोकं दुखलं तर घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. मिक्सरसोबतचा कागद वाचावा तसं मी ते ऐकलं होतं.

आईच्या कार्यानंतर मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. आईचं झालं ते कळल्यावर त्यांनी माझ्या गोळ्या थांबवल्या आणि तांबी बसवली. गोळीला मी वाईट म्हटलं, तर त्यांनी मला अडवलं. बहुतेक बायकांना ती चांगली असते. पण आईच्या वयाला आणि बीपीला ती चालण्यातली नव्हती. शिवाय गुठळीचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत जास्त असतो, आणि दर हंगामाला बंद करून नव्याने सुरू केल्यामुळे आई दर वर्षी त्याच महिन्यांत येऊन उभी राहत होती. "कुणी नुसतं बीपी बघितलं असतं तरी या गोळ्या दिल्या नसत्या," त्या म्हणाल्या.

यंदा आखणीला मृणाली वहिनी बसणार होती. आईच्या शेजारी बसून तिचा हात तयार झालेला. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. त्या गोळ्या रोह्याहून आणा, पेणला मेडिकलवाला दादाला ओळखतो. मी येते एवढंच म्हणाले आणि काल रिकाम्या हाताने जोह्याला आले.

ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. तिची अर्धशिशी मला ठाऊक होती. दुखण्याआधी काय होतं ते मी विचारलं. डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारखं काहीतरी चमकतं, मग अर्धं दिसेनासं होतं, असं तिने सहज सांगितलं. तसं होत असेल तर या गोळ्यांनी मेंदूत गुठळी होऊ शकते, तुला त्या घ्यायच्या नाहीत, मी म्हणाले.

"ताई, पुस्तकं वाचून घाबरवू नका. धोंडुबाई सांगते, आई किती वर्षं घेत होत्या. त्यांना काय झालं?"

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. मी ती उलटली.

"मग आखणी कोण करणार?" ती हळू आवाजात म्हणाली. "मी चार दिवस बाजूला बसले तर चार दिवस काम बंद. गिऱ्हाईक दारात. तुम्ही नाय आणल्या तर धोंडुबाईची सून देते म्हणालीय आजच."

डॉक्टरांना दाखवू, पाळी थोडी पुढे ढकलायला दुसरं काही चालतं का विचारू, असं मी म्हणाले. ती नुसती हसली. दर वर्षी, दोन-अडीच महिने, कशाने ढकलणार? तिचं बरोबर होतं. तिला जे हवं होतं ते कुठल्याच मेडिकलमध्ये मिळणारं नव्हतं.

मी शेडमध्ये गेले. बाबा एका मूर्तीच्या हातावरची रेघ ओल्या बोटाने मिटवत होते. दादा मशीनची नळी धूत होता, धोंडुबाई आणि दोघी पेपर मारत होत्या. मला पाहून बाबा म्हणाले, "वहिनीला सांग, उद्यापासून पाटावर बस. आणि अडचण येणार असेल तर आधीच बोला म्हणावं, मागाहून खोळंबा नको." आईलाही ते असंच सांगायचे. त्यात राग नसायचा.

बायका आहेत, नंतर बोलावं, असं मनात आलं. पण नंतर म्हणजे धोंडुबाईच्या सुनेने गोळ्या दिल्यावर.

"बाबा," मी म्हणाले, "आई हार्टने गेली नाही. पाळी येऊ नये, आखणी अडू नये, म्हणून ती दर वर्षी गोळ्या घ्यायची. बीपी असताना त्या घ्यायच्या नसतात. पाय सुजला तो त्यानेच. दवाखान्यात तिने मला सांगितलं आणि तुम्हाला सांगू नको म्हणाली."

दादाने नळ बंद केला. बाबांचं ओलं बोट मूर्तीवरच राहिलं.

धोंडुबाई पुटपुटली, "माझ्याच सुनेकडनं आणायची ती."

"तुमचा दोष नाही, धोंडुबाई. तिचं बीपी कुणी विचारलंच नव्हतं." मग मी पुन्हा बाबांकडे वळले. "आता वहिनी त्याच गोळ्या मागतेय. तिला त्या आईपेक्षाही वाईट. तुमच्या नियमापायी मागतेय. गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगता ना, प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ही नुसती माती आहे? मग पाळी आली तरी ती पाटावर बसेल, असं तुम्ही म्हणा. मी सांगून नाही चालणार. तुमच्या तोंडून, आत्ता, या सगळ्यांसमोर म्हणा."