सवाष्णीचं पान

पुरणपोळीच्या एका घासानं मला बाथरूमच्या लादीवर आडवं केलं. छातीत धडधड, कपाळावर घाम, पोटात मुरडा. बाहेरून माझा नवरा मोहन दार वाजवत होता.

“शैला, उघड यार! कोणी सांगितलं होतं तुला हा फालतूपणा करायला? डॉक्टरनं मीठा बंद केलाय ना?”

“डॉक्टरच्या घरी महालक्ष्म्या बसतात का?” मी आतूनच ओरडले.

माझं वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन पाच महिने होत आले होते. पोटाची पिशवी कापून लिंबाएवढी ठेवतात. त्यात मावणार काय? पाव वाटी मुगाची डाळ, दोन चमचे पनीर, झालं. प्रत्येक घास पार पाणी होईस्तोवर चावायचा. घाई केली की तो छातीत अडकून बसतो. जेवताना पाण्याचा घोट नाही. आणि गोड घेतलं तर वर सांगितला तो तमाशा. भूक म्हणाल तर लागतच नाही. पण भूक लागली म्हणून खायचं असतं, हे इंदूरच्या बाईला मुळी ठाऊकच नसतं. आम्ही पोहे खातो सकाळ झाली म्हणून, कचोरी खातो कोणी भेटलं म्हणून आणि तळलेला गराडूचा कंद खातो थंडी पडली म्हणून. ही सगळी कारणं अजून रोज उगवतात, आणि मी पाव वाटी घेऊन बसते.

सांवेर रोडवरच्या खोक्यांच्या कारखान्यात मी माल रवाना करायचं काम बघते. तिथे कोणाचा वाढदिवस असला की कचोरी आलीच. मी एक तुकडा हातात धरून सगळ्यांशी गप्पा मारते आणि मग तो हळूच कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकते. सगळ्यांना वाटतं, मॅडमनी चालून चालून वजन उतरवलं. मीच तसं सांगितलंय. खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते, पोट कापून घेतलं, त्यात काय मोठं केलं!

खरं माहीत होतं दोघांनाच. मोहनला आणि सुलोचनावहिनीला.

सुलोचनावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, पंढरीदादाची बायको. ऑपरेशनला मला तयार केलं तेच मुळी तिनं. “शुगर बघ, गुडघे बघ. उद्या तुला काही झालं तर तुझ्या दादाला राखी कोण बांधणार?” असं म्हणून ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. दवाखान्यात रात्रंदिवस उशाशी होती. चमच्या-चमच्यानं तिनं मला डाळीचं पाणी पाजलं. “कोणाला बोलू नकोस हं,” मी म्हटलं, तर म्हणाली, “वेडी का तू? माझ्या पोटात राहील ते.” आई गेल्यावर माझं माहेर संपलं नाही, ते या बाईमुळे. हे मी आजही नाकारत नाही, आणि म्हणूनच जास्त जळते.

मल्हारगंजच्या माझ्या माहेरी महालक्ष्म्यांना सवाष्ण म्हणून घरची लेकच जेवते. माझं लग्न झालं त्या वर्षापासून तो पाट माझा. सवाष्ण म्हणजे त्या दिवशी साक्षात देवी. तिचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, गजरा द्यायचा आणि आग्रह करकरून वाढायचं. ती पोटभर जेवली की देवी जेवली. मी कधी कोणावर आग्रह करायची वेळच आणली नाही. आई कौतुकानं बघत राहायची, “आमच्या शैलाला वाढावं तर हात भरून.” बाहेर मला जाडी म्हणणारे हजार होते. वर्षातून तो एक दिवस असा, की माझं खाणं घराला शुभ होतं.

राखीला गेले तेव्हा मीच विषय काढला. “वहिनी, यंदा सवाष्णीचं कसं करायचं गं?”

“करायचं काय? तूच बसशील. सगळं चिमूट-चिमूट वाढेन, पोळी बत्ताशाएवढी करू. देवी काय माप घेऊन बसलीये?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ब्लाउज बदलले, चेहरा बदलला, चार माणसांत बसून खाणं सुटलं, पण तो पाट राहणार होता. बाकी सगळं गेलं तरी चालेल, असं मला खरंच वाटलं.

म्हणून मी घरी तालीम सुरू केली. पहिल्या दिवशी काय झालं ते सांगितलंच. मग दवाखान्यातल्या आहारवाल्या रुचीला फोन केला. ती बिचारी हसली. “मॅडम, पहले दाल-दही, मीठा सबसे आखिर में, वो भी नाखून जितना.” तसं केलं. दुसऱ्या वेळी घाम आला, तिसऱ्या वेळी नुसती मळमळ, आणि मग एक दिवस नखाएवढा तुकडा सुखानं पोटात राहिला. मी लहान पोरीसारखी मोहनला हाक मारली, “राहिला रे, राहिला!” तो मोबाइलमधून मान वर न काढता “बढिया” म्हणाला. मला वाटलं, बिचाऱ्याला काळजी वाटतेय.

सणाच्या दिवशी वहिनीनं सकाळीच बोलावून घेतलं. पुरणपोळ्या माझ्याच हातच्या हव्यात, हेही जुनंच. मी पोळ्या लाटत होते, भाजत होते. देवीच्या आधी चाखायचं नसतं, म्हणून त्या स्वयंपाकघरात माझ्यात आणि बाकीच्यांत त्या दिवशी काही फरक नव्हता. फार बरं वाटलं. शेवटची पोळी उतरवून मी हात धुतले, नवी साडी नेसले आणि बाहेर आले.

महालक्ष्म्यांसमोर पाट मांडला होता. केळीच्या पानाभोवती रांगोळी, बाजूला समई. आणि पाटावर पूर्वा बसली होती. वरच्या मजल्यावरची भाडेकरू, नवऱ्याच्या नोकरीसाठी सांगलीहून नुकतीच आलेली. वहिनी परातीत तिचे पाय धूत होती.

मला आधी वाटलं, यंदा दोन सवाष्णी असतील. मी दुसरा पाट शोधला. नव्हता.

“वहिनी, मी कुठे बसू?”

वहिनीनं वर बघितलं नाही. “तू आमच्यासोबत बस ना दुसऱ्या पंगतीला. तू तर घरचीच.”

“घरची आहे म्हणून तर बसते ना दर वर्षी?”

तेवढ्यात कोपऱ्यातून वहिनीची मनोरमामावशी बोलली. तिचं हळू बोलणंही गल्लीत ऐकू जातं. “अगं, पोट कापून घेतलंस ना तू? आता तू काय जेवणार! सवाष्ण अर्धपोटी उठली की देवी घरातून उपाशी जाते. सुलोचना बोलली तेव्हा मीच म्हटलं, हे चालायचं नाही.”

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. त्यांची नजर आधी माझ्या तोंडावर आली आणि मग सरळ पोटावर गेली.

“हाय राम, ऑपरेशन?” माझी चुलतबहीण कस्तुरी किंचाळली. “आणि आम्हाला तर बोलत होती की रोज फिरते! मी तुझ्या भरोशावर नवे शूज घेतले ना गं!”

कोणीतरी फिसकन हसलं. मी वहिनीचा हात धरून तिला स्वयंपाकघरात ओढलं.

“पोटात राहणार होतं ना तुझ्या?”

“अगं, मावशी माझी आपलीच आहे. तिला विचारायला गेले, तर तोंडातून निघून गेलं.” वहिनी पदराशी चाळा करत होती. “माझ्या अथर्वचं लग्न कुठे जमत नाहीये, शैला. तीन ठिकाणी होता होता राहिलं. एकदा मनात शंका आली की जात नाही बघ. आईचं मन आहे, समजून घे.”

“मग मला फोन करायचा. मी पोळ्या लाटायला पण नसते आले.”

“मोहनरावांना सांगितलं होतं की! आठवडा झाला. त्यांनी नाही सांगितलं?”

मोहन गॅलरीत उभा होता. मला बघून त्यानं मोबाइल खिशात टाकला. समजला असावा.

“क्या है ना शैला, घरी सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. मी म्हटलं, इथे चार लोकांत तू काही बोलणार नाहीस. निभून जाईल.”

“आणि मी आठवडाभर पुरण चावत होते, घामाघूम होत होते, ते बघत बसलास?”

“बोललो ना मी तुला, नको करू म्हणून.”

“हो, बोललास. का नको, ते नाही बोललास.”

आठवडाभर या माणसानं ताकाला तूर लागू दिली नाही. ‘राहिला रे’ म्हणून मी नाचत होते, तेव्हाही त्याला सगळं माहीत होतं. एकीनं माझं गुपित फोडलं आणि दुसऱ्यानं तिचं सांभाळलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणारे दोघंही वर म्हणतात, तुझ्याच भल्यासाठी.

मी चप्पल पायात घातली होती. पण माहेरच्या महालक्ष्म्यांसमोरून न जेवता निघून जायचं, हे काही जमेना. चप्पल काढली, आत गेले आणि पूर्वाला वाढायला लागले. तिचा बिचारीचा काय दोष?

“काकू, पोळी किती मऊ झालीये हो!”

“मग घे की अजून एक.” मी तिच्या पानात आणखी एक वाढली आणि वर तुपाची धार सोडली. तीही तिनं संपवली. छान जेवली पोर. वहिनीनं तिची ओटी भरली, तिचं पान उचललं. जाताना पूर्वा माझ्या पाया पडली.

मग दुसरी पंगत बसली. मी माझ्या पानात माझ्या हातानं वाढून घेतलं. चमचाभर वरण, दह्याची कोशिंबीर, सोळाही भाज्यांचं बोटबोटभर आणि नखाएवढी पुरणपोळी. शेजारी मोहन, समोर दादा, कस्तुरी, मनोरमामावशी. वहिनी शेवटी येऊन बसली. आमच्याकडे सगळ्यांची पानं झाल्याशिवाय पंगत उठत नाही. माझ्या वडिलांच्या, आबांच्या वेळी एखादा उठला तर त्याला परत बसवत.

मी जेवायला लागले. डॉक्टरनं सांगितलं तसं, एकेक घास, घाई न करता. बाकीच्यांचं ताक पिऊन झालं. त्यांच्या बोटांवरचा भात वाळायला लागला. कस्तुरी चुळबुळ करायला लागली. सगळे माझ्या पानाकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

सगळ्यांत आधी मोहन उठला. “सावकाश होऊ दे हं,” असं म्हणून गेला हात धुवायला. मग कस्तुरी उठली, “सावकाश होऊ दे गं.” मावशी उठली. दादा माझ्याकडे बघून काही बोलणार होता, पण त्यानंही तेच म्हटलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. दोन्ही बाजूंची पानं गेली. जमीन पुसून झाली. तेवढ्या मोठ्या खोलीत मी, माझं पान आणि समोर महालक्ष्म्या.

रडू आलं होतं. पण तोंडात घास असताना मला रडता येत नाही, अडकतो तो. म्हणून आधी चावून संपवलं. शेवटी पोळीचा तुकडा घेतला आणि तोही पोटात राहिला.

वहिनी हात धुऊन येऊन दाराशी कधीची उभी होती. मी पान दुमडायला लागले तशी धावत आली. “राहू दे, मी उचलते. सवाष्णीनं आपलं पान उचलायचं नस...”

बोलता बोलता ती थांबली.

“सवाष्ण गेली ना मघाशीच,” मी म्हटलं. “ओटी घेऊन गेली.”

मी दुमडलेलं पान परत उघडून तिच्यासमोर धरलं. त्यात भाताचं शीतसुद्धा उरलं नव्हतं.

“पोटभर जेवले मी, वहिनी,” मी म्हटलं आणि माझं पान घेऊन मागच्या दाराकडे गेले.