सेलिनचा उजवा हात

ज्युलीचं लग्न झालं त्या वर्षीची, म्हणजे २०१८ची गोष्ट. लग्न पार पडेपर्यंत तिच्या आईने, मटिल्डाने, छातीतली गाठ कोणाला सांगितली नव्हती. महिन्याभराने ती मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंशी भांडत होती.

“सगळं कापा. अर्धं काम मना नको.”

“गाठ लहान आहे, मावशी. ती आणि भोवतीचा थोडा भाग काढू, मग किरणं देऊ. निळा रंग टोचू. तो काखेतल्या ज्या ग्रंथीत आधी पोचेल, ती काढून तपासू. ती स्वच्छ निघाली, तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. म्हणजे हात सुजायची भीती कमी.”

शेजारी मटिल्डाची थोरली बहीण सेलिन बसली होती. तिचा उजवा हात उशीसारखा मांडीवर पडलेला. १९९९ साली अशाच गाठीपायी तिची अख्खी छाती काढली, काख कोरून काढली. ती वाचली, पण हात सुजला तो सुजलाच. डोक्यावरची मासळीची टोपली मटिल्डाकडे गेली. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात घराच्या अंगणात सेलिन डाव्या हाताने सुकट निवडत बसायची.

“माझी पन सुपारीएवढीच व्हती,” सेलिन म्हणाली. “तवा हा रंग नव्हता?”

“तेव्हा नुकतं कुठे सुरू होत होतं, मावशी.”

सेलिनने मान हलवली. मटिल्डा म्हणाली, “ही माझी बाय सगळं कापून वाचली. मना पन तसंच करा.”

“वाचले गो. पन एकोनीस वर्सं तुझ्या तोंडून बाजार ऐकते. तू पन घरात बसलीस, तर मना बाजार कोन सांगंल?”

मटिल्डाने ऑपरेशनचा कागद पुढे ओढला. मग तिने सही केली.

ऑपरेशननंतर लघवी निळी-हिरवी झाली, तेव्हा ती ओरडली, “बाय, समिंदर निंगाला बग!” सेलिन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. ग्रंथी स्वच्छ निघाली. किरणं संपली, अंगात बळ आलं, तशी मटिल्डा पुन्हा टोपली उचलू लागली.

रोज संध्याकाळी सेलिन उंबऱ्यात बसून विचारायची, आज कोण आलं, पापलेट कोणी दाबून बघितलं, घासाघीस कोणी केली. काही घडलं नसेल त्या दिवशी मटिल्डा भांडण रचून सांगायची. सेलिनला ते कळायचं. तरी ती म्हणायची, “मंग तू काय बोललीस?”

२ मार्च २०२२ रोजी, ख्रिस्ती उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी सकाळी, सेलिन हृदय बंद पडून वारली. तिचं वय सदुसष्ट होतं.