व्हय

प्रियंका सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणाचा आवाज गेला की सगळे तिचाच धावा करायचे. प्राचार्य तर अजूनही म्यूट न काढता अर्धं भाषण ठोकून मोकळे व्हायचे, आणि ते तसंच चालू द्यावं असं निम्म्या स्टाफचं मत होतं. पण प्रियंका इमानी बाई. ती फोन करून बटण दाखवायची आणि त्यांचा आवाज परत आणून द्यायची.

त्या सकाळी आवाज तिच्याच घरातला गेला, आणि तो परत यावा असं तिला मनापासून वाटत नव्हतं.

स्क्रीनवर अमेरिकेतले डॉक्टर होते. त्यांच्या आयसीयूत तिचा थोरला भाऊ महेंद्र पंधरवडाभर मशीनच्या श्वासावर पडून होता. कामावरून परतताना त्याच्या गाडीला ट्रकनं ठोकरलं. तो आता शुद्धीवर येणार नाही, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून सांगितलं होतं. महेंद्रचं लग्न झालेलं नव्हतं, वडील धनाजी मागेच गेले होते, त्यामुळं मशीन काढायचं की नाही हे सांगायचा हक्क एकट्या आईचा. दोघींचाही व्हिसा होईना. रहिमतपूरच्या घरी इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून आई, बाळाबाई, एवढं एक उत्तर द्यायला सांगलीला लेकीकडं आली होती.

आदल्या संध्याकाळीच मायलेकींचं वाजलं होतं.

"आई, थांबू की अजून. छाती हलतीया त्याची."

"मशीन हलवतंय ती, पियू. त्यो न्हाई. लय वढलं पोराला. सुटू दे आता."

प्रियंकाच्या डोक्याला ते पटत होतं, पोटाला पटत नव्हतं. श्वास चालू आहे तोवर भाऊ आहे, एवढंच तिला कळत होतं.

तर, मीटिंग सुरू झाली. दवाखान्यानं मराठी दुभाषी बाई ठरवल्या होत्या, पण त्यांची लाइन लागेना. मग डॉक्टर म्हणाले, माझं बोलणं मुलीनंच आईला सांगावं, उत्तर मात्र मला आईच्या तोंडून ऐकायला हवं. त्यांनी सावकाश, एकेक शब्द जपून प्रश्न विचारला: मशीन काढायचं का? प्रियंकानं तो आईला सांगितला.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "व्हय."

डॉक्टर तसेच बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या कानाला बोट लावून मान हलवली. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं.

"ऐकू न्हाई गेलं, आई."

"मी बोलले की."

प्रियंकानं खालचा कोपरा बघितला. म्यूट नव्हतं. पण बोललं की हलणारी हिरवी पट्टी मढ्यासारखी पडून होती. तिनं सेटिंग उघडलं. माइक म्हणून तिचा ब्लूटूथचा हेडफोन निवडलेला होता, आणि तो आतल्या खोलीत कपाटाच्या खणात चालूच राहिला होता. आई इथं जिवाचा धडा करून बोलली आणि ऐकत बसलं होतं ते बंद कपाट. प्रियंकानं लॅपटॉपचाच माइक निवडला. तरी घोडं अडलेलंच. आईचा आवाज इतका खालचा की गोंगाट कमी करणारी सोय त्याला पंख्याची घरघर समजून कापून टाकत होती. हे तिनं ताबडतोब ओळखलं, पण उगाच इकडंतिकडं क्लिक करत राहिली. तेवढा वेळ तरी दादा होता. शेवटी आई म्हणाली, "हुतंय न्हवं नीट?" आणि प्रियंकाच्या बोटांनी ती सोय बंद करून टाकली.

"आता ऐकू येतंय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, प्रियंकानं पुन्हा सांगितला.

"व्हय," आई म्हणाली. हिरवी पट्टी उसळली.

डॉक्टर पुढं झुकले. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. आणि ते समजावून सांगू लागले: मार कुठं बसला, सूज कशी वाढली, मेंदूचा कुठला भाग गेला. प्रियंकाला आधी काही उमजेना. मग ते म्हणाले, "आईनं 'का' विचारणं स्वाभाविकच आहे," आणि तिला उलगडा झाला. आईनं म्हटलं व्हय; त्या बिचाऱ्यानं ऐकलं 'व्हाय'. लेक का जातोय म्हणून आई विचारते, असं त्याला वाटलं.

"काय म्हनतोय?" आईनं विचारलं.

"परत इचारतोय."

"व्हय," आई म्हणाली, आणखी मोठ्यानं. "व्हय म्हनून सांग त्यास्नी."

डॉक्टरांनी डोळे मिटून उघडले. या 'का'ला माझ्याकडं उत्तर नाही, म्हणाले. घाई नको. मी अजून तासभर आहे, नाहीतर उद्या बोलू. एका शब्दाचं काम होतं. पण प्रियंका वेड पांघरून पेडगावला गेली. थँक्यू म्हणाली आणि लाल बटण दाबलं.

"झालं?"

"झालं," ती म्हणाली. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं.

आई उठली. पिशवीतून पांढरं लुगडं काढून नेसून आली. ते तिनं घरूनच आणलेलं होतं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, हात जोडून त्रिशरण म्हटलं. आवाज कुठं फुटला नाही. मग आपल्या भावाला फोन लावला.

"नाथाजी, म्हेंदर गेला रं. व्हय, आत्ताच. मीच सोडला."

फोनमधून नाथाजीमामाचा हंबरडा भिंतीपलीकडं जाईल इतका स्वच्छ आला. प्रियंकानं आईच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. तिला स्वतःची किळस वाटत होती.

"आई, दादा अजून हाय."

आईनं वर बघितलं. पंधरा दिवसांत जे त्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं ते एकदम उमटलं. "हाय? डोळं उघडलं त्यानं?"

"न्हाई गं. न्हाई उघडलं." प्रियंका तिच्यापुढं खालीच बसली. "तू व्हय म्हनलीस, ते त्यास्नी व्हाय ऐकू गेलं. त्यांच्यात त्याचा अर्थ 'का' हुतो. तू का म्हनून इचारतीस असं वाटलं त्यास्नी. मशीन चालूच हाय."

"तुला कळलं हुतं?"

"व्हय."

"आन तू गप बसलीस."

आईनं मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. ते परवडलं असतं. ती नुसती मेणबत्तीकडं बघत राहिली.

"जित्या पोराची लावली मी ही," ती म्हणाली, आणि दोन बोटांनी वात चिमटून विझवली. बोटं भाजली असतील, तिनं बघितलं नाही. भिंतीला हात टेकून ती उठली आणि लॅपटॉपसमोर येऊन बसली.

"त्यांच्यात व्हयला काय म्हनत्यात?"

"आई, मी सांगते ना त्यास्नी. मी बोलते."

"तू न्हाई. काय म्हनत्यात?"

"येस."

"येस," आई म्हणाली. ओठांवर बसेना म्हणून पुन्हा म्हणून बघितलं. "येस. जोड."

प्रियंकानं जोडलं. डॉक्टर आले, पांढऱ्या लुगड्यातल्या बाईकडं बघून थांबले. आवाज दोन्हीकडून लख्ख होता, दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी प्रश्न विचारला. प्रियंका सांगायला वळली, पण आई थांबली नाही.

"येस," ती म्हणाली.

डॉक्टर काही बोलण्याआधीच, या खेपेला कसला घोळ राहू नये म्हणून, ती लॅपटॉपच्या आणखी जवळ सरकली आणि प्रत्येक अक्षर सुटं करत परत म्हणाली, "येस, साहेब. येस." डॉक्टर मान खाली घालून उठले आणि महेंद्रच्या खोलीकडं गेले.