टाकीवरची ओवाळणी

विमलबाईला भाऊ नव्हता. पाच बहिणींत ती शेंडेफळ. तरी भाऊबीज तिने कधी चुकवली नाही. जिला भाऊ नाही तिने बीजेच्या चंद्राला ओवाळावं, असं आई सांगून गेली होती, आणि विमलबाईने ते पक्कं धरलं होतं. ऊसतोडीला गेली तेव्हाही पाचटाच्या कोपीपुढे ताट घेऊन उभी राहायची. सोबतच्या बाया म्हणायच्या, विमल, तुझा भाऊ लई लांबून येतो गं. ती म्हणायची, लांबून येतो, पण येतो तर.

पण बीजेची कोर मोठी घाईची. दिवस बुडाला की दिसते, आणि कुठे डोळाभर बघावं तोवर मावळते. त्यात यंदा शेजारच्या आश्रुबाने मावळतीकडेच दुमजली घर चढवलं. अंगणात उभं राहिलं की भावाऐवजी आश्रुबाची गच्ची दिसे, आणि गच्चीवर वाळत घातलेली त्याची बंडी. बंडीला काही ओवाळता येत नाही.

तेवढ्यात देवळाच्या भोंग्यावर पुकारा झाला. भाऊबीजेच्या सांजेला माळावर, पाण्याच्या टाकीपाशी, दुर्बिणीतून चंद्राची कोर आणि शनी दाखवणार. सर्वांनी यावे.

हा कारभार अर्जुनरावांचा. एकेकाळचे सरपंच. निवडणुकीत पडले आणि पुढच्याच महिन्यात दुर्बीण घेऊन आले. गाव म्हणायचं, खाली बघायची लाज वाटते म्हणून गडी वर बघायला लागला. पण हळूहळू धारूरपासूनची माणसं जमू लागली, मंडळ झालं, आणि अर्जुनराव पुन्हा कशाचे तरी अध्यक्ष झाले.

विमलबाई शेजारच्या वनमालाला घेऊन माळावर पोचली. पदराखाली ताट, ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. कोर डोंगराच्या वर लख्ख दिसत होती, कापलेल्या नखाएवढी. विमलबाईने काडेपेटी काढली, तसे अर्जुनराव धावत आले.

मंडळाचा नियम कडक होता. उजेड करायचा नाही. मोबाईलसुद्धा खिशात. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि एक काडी ओढली की सगळ्यांची मेहनत पाण्यात जाते. अर्जुनरावांनी हे नीट समजावून सांगितलं. विमलबाईनेही नीट समजावून सांगितलं की भाऊ दारात उभा असताना दिवा लावायचा नाही, असा नियम तिने कुठे ऐकला नाही. वनमाला म्हणाली, सरपंच, एवढा कडक नियम निवडणुकीत पाळला असता तर पडला नसता. लोक हसले. शेवटी तोड निघाली. सगळ्यांनी आधी कोर बघून घ्यायची, सगळ्यात शेवटी विमलबाईने. मग तिने खुशाल दिवा लावावा. शनी काय, नंतर बघता येईल. तो पळून जात नाही.

रांग सरकत सरकत विमलबाईपर्यंत आली. पिंपासारखी जाड नळी, तिच्या कुशीत बारकं भिंग. तिने डोळा लावला. चंद्राला खड्डे होते, कडा होत्या, आणि कोरीच्या पोटातला काळा भागसुद्धा अंधुक दिसत होता. अर्जुनराव कानाशी सांगत होते की तो अंधुक उजेड आपल्या धरतीचा. इथून तिथे जातो, तिथे पडतो. विमलबाईला वाटलं, म्हणजे इथला उजेड त्याला पोचतो. इतकी वर्षं ओवाळलं ते वाया गेलं नाही.

आणि तिने बघितलं तर चंद्र हळूहळू वर चढत होता. तिला हायसं वाटलं. भाऊ वर येतोय, म्हणजे अजून वेळ आहे. मग तिने सावकाश सगळं बघितलं. खड्डे बघितले, कडा बघितल्या, त्याच्या तोंडावरचे वण बघितले. मागून वनमाला, दिवा लाव गं आता, म्हणून टोचत होती, तरी ती हटली नाही. मग वरून काहीतरी काळं आलं आणि चंद्राला गिळू लागलं.

तिने डोळा काढला. समोर आभाळात चंद्र नव्हता. नुसता डोंगर होता.

"नळीत तर वर चालला व्हता," ती म्हणाली.

अर्जुनरावांचं तोंड उतरलं. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. खाली जाणारं वर जाताना दिसतं. एवढं सांगायचं तेच राहून गेलं होतं. विमलबाई ताट धरून उभी राहिली. रडली नाही.

अर्जुनरावांनी एकदा डोंगराकडे बघितलं, एकदा टाकीकडे.

"बिभीषण," ते म्हणाले, "जिन्याची किल्ली काढ बे."

बिभीषण गावाला पाणी सोडायचा. किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्यालाच असायची. त्याने कुलूप काढेपर्यंत लोकांना काही कळलं नाही. अर्जुनराव म्हणाले, तो आपल्यासाठी बुडालाय, टाकीसाठी न्हाई. उंच गेलं की डोंगर खाली बसतो.

विमलबाईने ताट डोक्यावर घेतलं. जन्मभर उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढलेली बाई. टाकीचा जिना तिला काय. कठड्याला हातही न लावता ती भराभर चढली. अर्जुनराव मागून धापा टाकत, प्रत्येक वळणाला विमलबाई थांबा, विमलबाई थांबा, करत आले.

वर पोचली तर खरंच, डोंगराच्या कडेवर कोर टेकलेली. लालसर, तिरकी, होडीसारखी. पण वारा होता. काडी पेटे आणि विझे. अर्जुनरावांनी डोक्यावरची टोपी काढून वाऱ्याच्या बाजूने आडवी धरली. ज्यांनी अख्ख्या माळाला काडी ओढू दिली नव्हती, त्यांच्याच टोपीच्या आडोशाला निरांजन लागलं.

विमलबाईने अक्षता टाकल्या, ओवाळलं. पदराची दशी काढून चंद्राकडे भिरकावली आणि पुटपुटली, जुनं घे, नवं दे. मग ताट घेऊन वळली, तर अर्जुनराव टिळ्यासाठी डोकं वाकवून उभे.

"तुमी कावून वाकला? तुमास्नी तीन बहिणी हायत्या. तुमी टोपी धरा."

त्यांनी पुन्हा टोपी आडवी धरली. खाली माळावर सगळ्यांचे डोळे दिव्याने दिपले होते, पण कुणी तक्रार केली नाही. थोड्या वेळाने वनमालाने खालून हाक दिली की शनी बघितला, बोरात काडी खुपसल्यासारखा दिसतो, त्याला काय भ्यायचं.

कोर बुडत चालली होती. अर्जुनराव म्हणाले, पुढच्या वर्षी आधी दिवा, मग दुर्बीण. आणि जराशाने, अपराध्यासारखे, गेला बघा आता, असंही म्हणाले.

"जाऊ द्या," विमलबाई म्हणाली. "तुमच्या नळीत अजून वरच चढत असंल."