चपलेत शिवलेली उशी

मी एक जुनी चामड्याची उशी आहे. डोक्याखालची नव्हे, तळव्याखालची. मित्रांनो, माझी कहाणी ऐकायला बसलात खरे, पण मनात काय धरून बसलात, याचीच मला आधी शंका येते. माझा स्वभावच तसा झाला आहे.

नागभीडच्या शफीभाईंनी मला जुन्या चामड्यातून कापले, आत रबर भरले आणि हाताशी असलेल्या लाल दोऱ्याने भागीरथाबाईंच्या चपलेत अस्तराखाली शिवून टाकले. शिवायला सांगितले त्यांच्या मुलाने, धनराजने. तो ऊर्जानगरात नोकरीला होता. आईचे तळवे सपाट, चालताना पाऊल आत कलायचे आणि ताण गुडघ्यावर यायचा. तळव्याच्या मधोमध आधार दिला तर आराम पडेल, असे त्याला डॉक्टरांनी सांगितले होते. पण आईचा असल्या उपायांवर भरवसा नव्हता. म्हणून तो तिला काही न सांगताच कामावर परतला. मला तेव्हाच हे लक्षण बरे दिसले नाही.

नवी असल्यामुळे मी खुपू लागले. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत बायका शेताच्या कडेच्या धुऱ्यावर चपला काढून बांधीतल्या चिखलात उतरत. भागीरथाबाईंची चप्पल नेहमी शेजारच्या सोमारीच्या चपलेला लागून असे. एका दुपारी बाईंनी अस्तर उसवले. आत काळा गोळा आणि लाल दोरा पाहून त्या ओरडल्या.

"माह्या चपलीजवळ कोनाची चप्पल रायते? सोमारीचीच ना? तिनंच करनी केली."

"बाई, मी हात नाई लावला," सोमारी म्हणाली.

कुणी ऐकले नाही. सकाळी तिच्यासोबत डबा खाल्लेल्या बायका दूर सरकल्या. संध्याकाळी तिच्या दारापुढे गर्दी जमली. हिला गावाबाहेर काढा, असे कुणी तरी म्हणाले. भागीरथाबाईंच्या मुठीत मी होते, आणि मला तोंड नव्हते. फार राग आला मला.

तेवढ्यात सुट्टीसाठी आलेला धनराज बसमधून उतरला आणि गर्दी पाहून तिकडेच आला.

"आई, ते मीच बसवलं. तुह्या गुडघ्यासाठी."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर तू घातली असती का?"

गर्दी पांगली. माफी कुणीच मागितली नाही.

भागीरथाबाईंनी मला पुन्हा शिवून घेतले. हळूहळू तळव्याला माझी सवय झाली, पाऊल सरळ पडू लागले, गुडघ्याची कळ कमी झाली. भिंतीला न धरता त्या उठू लागल्या आणि गावभर माझे कौतुक करू लागल्या. पण ते कौतुक मला गोड लागले नाही. पुढच्या रोवण्याला त्यांनी आपली चप्पल मुद्दाम सोमारीच्या चपलेशेजारी ठेवली.  सोमारीने आपली चप्पल उचलली आणि धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

आता मी झिजले आहे. मित्रांनो, आपल्या माणसाची काळजी जरूर घ्या, पण त्याला सांगून घ्या. आणि पायाखाली काही खुपले, तर कुणाकडे बोट दाखवण्याआधी विचारून पाहा. भागीरथाबाईंच्या गुडघ्याला मी आधार दिला. त्या संध्याकाळी सोमारीच्या बाजूने उभे राहायला मात्र गावातले एकही माणूस पुढे आले नव्हते.