आधी पोळी, मग प्रश्न

यज्ञेश्वररावांनी प्रोग्राम चालवायची कळ दाबली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तीनचा आकडा उमटला. उत्तर बरोबर होतं. मुळात होते दोन. अधिकची जोडचिन्हं (++) आकड्याच्या आधी लावली, की आधी एक वाढतो आणि मग आकडा हाती येतो. नंतर लावली, तर जुनाच आकडा हाती येतो, एक मागाहून वाढतो. एवढंसं ते. सगळी नोकरी तहसील कचेरीत काढलेल्या त्यांनाही केव्हाच कळलं होतं.

लेकीला, शाल्मलीला, मात्र आपल्याला ते कळलंय हे कळू द्यायचं नव्हतं.

त्यांची बायको पद्मजा वारल्यापासून बापलेकीत तिचं नाव निघत नव्हतं. त्यांनी काढलंच, तर शाल्मली पुण्याहून बाभुळगावच्या उन्हाची चौकशी करायची. मग तेही उन्हाचं सांगायचे. एकट्याला घर खायला उठतं म्हणून तिनेच त्यांना प्रोग्रामिंग शिकवायला घेतलं, आणि हा धडा समजावताना तिच्या तोंडून अचानक आईची गोष्ट निघाली. त्या दिवशी फोन ठेवल्यावर ते स्वयंपाकघरात जाऊन नुसतेच उभे राहिले होते.

रविवारचा तिचा कॉल आला. तिने शिकवल्याप्रमाणे त्यांनी आपला पडदा तिला दिसेल असा केला.

"झाला का सराव, बाबा?"

"केला ना. पण ते आधी-नंतरचं मले काही जमून नाही राह्यलं."

"चिन्हं आधी लावली, तर दोनचे किती येतीन?"

"दोनच."

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. प्रोग्राम आणि त्याखालचा तीन, दोन्ही पडद्यावर तसेच होते, आणि ती तेच पाहत होती. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही खोटं नाही.

"काहून थांबली?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही. चुकलं, बाबा. ऐका. आई आधी ताटात पोळी टाके, मग विचारे, किती झाल्या म्हणून. तुम्ही आधी विचारता, मग टाकता."

"हो."

"अन् ताटावर हात आडवा धरला, तर बाजूनं सरकवून देये. मी लय चिडत होती तिच्यावर."

हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं.

"आता तुम्ही समजावून सांगा," शाल्मली म्हणाली. "मलेही नाही जमून राह्यलं."